माणशी एक डबी

दुकान उघडायला अजून चाळीस मिनिटं होती
आणि रांग चाऱ्याच्या गोदामाला वळसा घालून
पार रुळांपर्यंत गेलेली.
मोंटानातला ऑक्टोबर. तोंडातून वाफ निघत होती
आणि वाफेबरोबर बातम्या:
कारखाना बंद पडलाय म्हणे,
जहाज अडकलंय म्हणे,
निवडणुकीनंतर तर विसराच.
कोण म्हणालं, हे कोणी विचारत नव्हतं.

काचेवर आतून चिकटवलेला पुठ्ठा:
प्रायमर – माणशी एक डबी.
म्हणून हॉल्वर नेस्टेगार्डने माणसं आणली होती.
बायको व्हर्ना. धाकटी सिग्ने, शाळा बुडवून.
आणि चाकाच्या खुर्चीत, दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली
एक्याण्णव वर्षांची सासू.
"कशाची रे रांग?"
"काडतुसाच्या बुडाशी ठिणगी लागते ना, आई, त्याची."
"ठिणगीसुद्धा मोजून देतात आता?"
पुढचे दोघं हसले.
हॉल्वर घड्याळ बघत होता.

तळघरात, बीट आणि चेरीच्या बरण्यांशेजारी
त्याची वेगळी बेगमी.
कॉफीच्या डब्यांत पितळी पुंगळ्या,
अक्रोडाच्या भुशात घोळून लख्ख केलेल्या,
डब्यावर पट्टी, पट्टीवर तारीख.
व्हर्ना म्हणते, तारखा ओळीने वाचल्या
की कुठल्या वर्षी हा कशाला घाबरला होता ते कळतं.
दारू थंड कोपऱ्यात.
(दुसऱ्या अर्थाची दारू या घरात आली नाही कधी,
आजोबा पाद्री होते.)

रात्री तो यंत्रापाशी बसला.
सोनाराने गुंज तोलावी तशी दारू तोलायची,
दांडा खाली, दांडा वर,
एकेक काडतूस हातात फिरवून
लाकडी ठोकळ्यात उभं करायचं.
सिग्ने वहीत आकडे उतरवत होती.
"सहा हजार दोनशे चाळीस. आणि एल्क किती मारतोस?"
"वर्षाला एक. परवाना एकाचाच."
"गोळ्या किती लागतात?"
"एक." मग जरा वेळाने, "गेल्या वर्षी दोन."
तिने भागाकार मांडला, आणि उत्तर आलं तेव्हा
ते त्याला दाखवावं की नाही, तिला कळेना.

तो आजच्या डब्या मोजत होता.
तीन.
पुन्हा तीन.
पिशवी उलटी केली, गाडीची डिकी पाहिली,
टॉर्च घेऊन अंगणात बर्फाळ गवत तुडवून आला.
"तीन पण पुष्कळ आहेत, बाबा."
"माझ्या बापाकडेही तीनच होत्या," तो म्हणाला, "एकदा.
मार्च उजाडायचा होता."
"मग?"
त्याने दांडा खाली दाबला.
वर यायला दांड्याला फार वेळ लागला.

वरून खुर्चीची चाकं करकरली.
म्हातारी जिन्याच्या तोंडाशी.
"माझी शोधतोयस का?
मागे तो पोरगा उभा होता बघ, लाल टोपीचा.
त्याचा नंबर आला आणि खिडकी बंद.
एकटाच आला होता बिचारा,
माणसं आणायला विसरला."
हॉल्वर वर बघत राहिला.
"माझीच होती ना ती?
माणशी एक, असं लिहिलेलं मी वाचलं.
चष्मा नव्हता, तरी वाचलं."

बऱ्याच वेळाने त्याने पट्टी फाडली,
तारीख घातली, तीनाचा आकडा घातला,
आणि पेन्सिल तशीच धरून
व्हर्नाला हाक मारून विचारलं,
लाल टोपीवाला म्हणजे स्ट्राउडचा का?
त्यांच्याकडे कुठली रायफल आहे?