चुकीचं प्रमाण

जानेवारीत बावीस अर्ज केले.
एकवीस ठिकाणांहून खेद आला,
एकाच साच्यातून काढलेला, तळाशी शुभेच्छा.
बाविसावं उत्तर पाषाणहून आलं तेव्हा
मी उदगीरच्या स्टँडवर आत्याची सुटकेस धरून उभा होतो.
आठ आठवडे. राहायला खोली. महिन्याला बारा हजार.
अण्णा म्हणाले, शिकवायलेत तेच, आन् पैसे बी द्यायलेत तेच?
कायतरी घोळ असंल बघ.

घोळ होता.
त्याला इकडे प्रकल्प म्हणतात.

खोली क्रमांक दोनशे चार. बाहेर मे महिना,
टेकडीवरचं गवत वाळून पिवळं;
आत सर्व्हरसाठी केलेली थंडी,
आम्ही तिचे फुकटे वाटेकरी.
मालेगावची नाझनीन शाल घेऊन बसायची,
इंफाळचा थोइबा दोन-दोन मोजे घालून.
दातार मॅडम बुधवारी अकराला यायच्या.
उरलेला आठवडा
आम्ही पंख्यांची घरघर ऐकायचो.

माझ्या वाट्याला आलं बोलणं.
कुणी बोलायचं, यंत्रानं लिहायचं,
मी चुका मोजायच्या.
यंत्र मूळचं पुण्याचं:
बातम्यांवर, व्याख्यानांवर वाढलेलं,
ळ आणि ण चोख.
सदाशिव पेठेतला माणूस नुसता थांबला
तरी त्याला स्वल्पविराम कळायचा.
मग आम्ही त्याच्यापुढे
लातूरकडच्या बाया ठेवल्या.

एक म्हणाली, पाणी भरायलेय.
यंत्रानं लिहिलं, पाणी भरायला ये.
दुसरी म्हणाली, भाकरी करायलेय.
यंत्रानं लिहिलं, भाकरी करायला ये.
तिसरी आधी खोकली, मग म्हणाली,
आता काय, मरायलेय.
तिचं वाक्य मी तक्त्यात भरलं
आणि पुन्हा वाचलं नाही.

चुकीचं प्रमाण एकेचाळीस टक्के.
मी विचारलं, मॅडम, प्रमाण कुठल्या अर्थानं?
त्या हसल्या. आधी मोज, म्हणाल्या,
अर्थ शेवटच्या आठवड्यात काढतात.

एक गोष्ट तक्त्यात नव्हती.
पहिल्याच सोमवारी, कॅन्टीनच्या रांगेत,
मी म्हणालो होतो, मी बी इथंच काम करायलोय,
आणि पुढच्या मुलाची भुवई
जरा, अगदी जराच, वर गेली होती.
मंगळवारपासून मी ‘करतोय’ म्हणायला लागलो.
यंत्राला चार हजार वाक्यं लागली,
तीन रात्री, उधारीचं ग्राफिक कार्ड.
मला एक भुवई पुरली.

जूनमध्ये आलेख उतरायला लागला.
एकेचाळीस, चाळीस, पुन्हा एकेचाळीस.
पहाटे तीनला थोइबा त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा.
विचारलं तर म्हणाला, याचं तर
मोजायलासुद्धा कुणी नाही अजून.
नाझनीननं शालीतून हात काढून
त्याच्यापुढे खारे दाणे सरकवले.

शेवटी सदतीस पूर्णांक सहा.
इतकंच.
पोस्टरसमोर टाय लावलेले गृहस्थ थांबले,
आकडा पाहून पुढे गेले.
मॅडम म्हणाल्या, हरकत नाही,
जे जमलं नाही ते नीट लिही,
पुढच्या वर्षीच्या पोराला तिथून सुरू करता येईल.
मी लिहिलं. मर्यादा, परिच्छेद दोन.
भुवईचं लिहिलं नाही. तिला एकक नव्हतं.

रात्री सुतारवाडीच्या बसथांब्यावर
आईचा फोन आला, मधूनच तुटणारा.
म्हटलं, काय करायलीस?
बसथांब्यावर एक मुलगी वळून बघितली, बघू दे.
आई म्हणाली, जेवायलेय.
मागून बस हॉर्न देत आली,
मला नीट ऐकू आलं नाही,
किंवा आलं:
जेवायला ये.
ही चूक मी मोजली नाही.