निशाणी चौतीस

प्रश्न साधा होता, म्हणून सहा वर्षं चालला.
धावपट्टीचे व्यवस्थापक म्हणाले, हे विमान नव्हे,
इथं फक्त विमानं उतरतात.
दुसऱ्या खात्यानं लेखी दिलं, हे विमानच,
तेव्हा परवाना दाखवा, वायरलेस दाखवा,
तोवर चाक हलवू नका.
फुरसुंगीचे रघुवीर हरपळे, वादी, वय एकसष्ट,
त्याला ताडपत्री, स्वतःला इस्त्रीचा शर्ट घालून
दर तारखेला शिवाजीनगरला येत राहिले.

त्यांचं म्हणणं एवढंच:
धावपट्टी सार्वजनिक आहे, पाटीवर तसं लिहिलंय.
पाटीखालून सकाळी माणसं फिरायला जातात, कुत्री जातात.
एकदा म्हैस गेली,
तिला कुणी वजन विचारलं नाही.

साहेब हसले. हसणं रोजनाम्यात येत नाही.

मला कोर्ट कमिशनर नेमलं.
नवखी वकील, फी दीड हजार, तीही वादीनं भरायची.
काम: सदर वस्तूचं वजन करून अहवाल देणे.
आदेशात 'वस्तू' असंच होतं,
दुसरा कुठलाही शब्द म्हणजे निकाल झाला असता.

पंख सोडवले, सतरंजीत गुंडाळून
छोट्या हत्तीच्या टपावर बांधले.
धड मागे, अर्धं बाहेर,
शेपटाला लाल फडकं, सळयांना बांधतात तसं.
सासवड रस्त्यानं निघालो.
मागचा पीएमटीवाला हॉर्न वाजवायचा विसरला.

वजनकाट्यावर आमच्या पुढे उसाची ट्रॉली, मागे भंगार.
खिडकीतल्या पोरानं विचारलं, "माल काय?"
सरकारी वकील शेख मॅडम म्हणाल्या, लिहू नका.
वादीचे मेहेंदळे म्हणाले, रिकामं सोडा.
मी आदेश वाचून दाखवला.
"वस्तू चालत नाही, मॅडम.
ऊस, कांदा, वीट, भंगार, इतर. यातलं सांगा."
मग त्यानं मान बाहेर काढून एकदा नीट पाहिलं,
लाकडी पातं, पुढचं एवढंसं चाक,
आणि 'इतर'पुढे बॉलपेननं लिहिलं: विमान.
गाडीसकट अकराशे पंच्याऐंशी. साठ रुपये.

ती पावती निशाणी चौतीस झाली.
शेख मॅडम उठल्या: पाहा, विमान. म्हणजे परवाना हवा.
मेहेंदळे उठले: पाहा, विमान. म्हणजे जागा हवी.
मग दोघांनीही तिला हरकत घेतली,
काटेवाला काही तज्ज्ञ नव्हे.
साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

जिना उतरताना मला आठवलं.
काट्यावरचे आकडे थांबत होते
तेव्हा हरपळे उतरले नव्हते.
मागच्या फळीवर उभे, एक हात शेपटावर,
वारा नव्हता तरी धरून.
रिकामी गाडी वजा केली मी, आठशे साठ,
त्यांना वजा करायचं राहिलं.
तीनशे पंचवीस किलो, खाली माझी सही, शिक्का,
आणि आत एक माणूस.

पुरवणी अहवाल द्यावा लागणार.
शनिवारी फोन केला: काका, तुमचं वजन किती?
मागे कुठंतरी पत्रा वाजत होता.
"सत्तर," ते म्हणाले.
"दावा लावला तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं.
कोणतं धरायचं?"