गेल्मिश

आमच्या भाषेत क्रियापदाला शेपूट असतं.
डोळ्यांनी पाहिलं असेल तर ‘दी’.
कुणी सांगितलं, किंवा मागे उरलेल्या खुणांवरून ताडलं,
तर ‘मिश’.
गिरेसुनमध्ये भाजीवालासुद्धा यात चुकत नाही.
बर्फ पडला-दी म्हणणाऱ्याच्या टोपीवर
बर्फ असतो.

तोमरिस दोन वर्षांची होती तेव्हा तिला एकच शेपूट ठाऊक.
मांजर पळालं-दी. चंद्र सांडला-दी.
आजोबा लहान होते-दी,
जणू त्यांच्या पाळण्याशेजारी ही उभी होती.

एका पहाटे कारखान्यातून परतले,
बोटांना हेझलनटच्या सालींचा डाग,
तर ती अंथरुणात उठून बसलेली:
बाबा गेल्दी.
बाबा आला. पाहिला.
त्याचं जहाज तेव्हा कॉन्स्टान्त्साच्या धक्क्यावर गहू भरत होतं.
म्हटलं, स्वप्न असेल.
ती म्हणाली, गेल्दी.
शेजारच्या नेबाहतबाई म्हणाल्या, पोर खोटं बोलायला लागली.
खोटं कसलं!
ज्या घराला एकच दार
तिथे स्वप्नंही त्याच दाराने येणार.

तिला जे माहीत, ते जगाला माहीत.
कुताय शाळेत गेला की त्याच्या डब्यातले हेझलनट
मी तिच्या देखत उशीखाली लपवायचे.
दादा आल्यावर कुठे शोधेल?
उशीखाली.
अगं, पण त्याने बघितलंच नाही ना?
उशीखाली, आई.
माझ्या बुद्धीची कीव आल्यासारखी बघायची.

चौथं लागलं त्या फेब्रुवारीत
मी गॅलरीत चादरी झटकत होते, आत
खळ्ळ.
चहाचा पेला. बारीक कमरेचा,
सासूबाईंच्या सहांतला उरलेला दुसरा.
तोमरिस तुकड्यांच्या मधोमध, हात पाठीमागे,
आणि म्हणते कशी:
आई, पेला फुटलाय वाटतं.
किरिल्मिश.

मी ओरडले. ओरडावंच लागतं.
पायाला काच लागली नाही ना ते पाहिलं,
कोपऱ्यात उभं केलं,
आणि स्वयंपाकघरात नळ सोडून
पोटभर हसले.
तिला कळलं होतं, मी तिथे नव्हते.
माझ्या डोक्यातलं वेगळं, तिच्या डोक्यातलं वेगळं,
आणि मधल्या फटीत
एक आख्खा पेला लपवता येतो.

शब्द आधी आला की समज?
मला नाही सांगता येणार. मी नटं निवडणारी बाई.
दोघी एकाच दिवशी दारात उभ्या दिसल्या,
कुणी कुणाला हात धरून आणलं
ते मी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा विचारलं, दादा कुठे शोधेल?
ती थांबली. डब्याकडे बघितलं, मग उशीकडे.
डब्यात, म्हणाली.
बिचारा.

एप्रिलात तो खरंच आला, रात्री अडीचला.
सकाळी तोमरिस दाराशी उकिडवी बसलेली.
समोर मोठे बूट, टाचेला डांबर,
नाड्यांवर वाळलेलं मीठ.
तिने बुटात बोट घालून पाहिलं. ओलं.
आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.
तिने ते ढकललं नाही.
माझ्याकडे वळली, आणि अगदी हळू,
तोंडातला खडा विरघळू नये इतक्या हळू:
बाबा गेल्मिश.

न्याहारीला तिने विचारलं,
मी जन्मले ते मी पाहिलं का?
नाही.
मग कसं म्हणायचं?
आम्ही दोघं म्हणू ‘दी’, बाबा म्हणाला. तू मात्र ‘मिश’.
स्वतःच्या जन्मालाही?
स्वतःच्या जन्मालाही.
ती पाव बुडवत राहिली.
मग आईच्या जन्माला ‘दी’ कोण म्हणतं?

माझी आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. सुईणही केव्हाच.
मी तिच्या चहात थोडं गार पाणी घातलं
आणि म्हटलं, पी, निवतोय.