अभिप्राय

रबाळ्याला, एमआयडीसीत, बिस्किटांच्या कारखान्यात
मी दोन दिवस सुरक्षा शिकवली.
बेचाळीस स्लाइड्स, एक व्हिडिओ, मधे वडा-सांबार.
फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्तम'ला टिक केलं,
एकाने सूचनांत लिहिलं : सांबार गार होतं.
हसुराम भोईरांचा फॉर्म कोराच.
शेवटच्या रांगेत बसले होते,
दोन बोटं नसलेला हात टेबलाखाली ठेवून.

तीन महिन्यांनी गेले, न कळवता.
कणीक मळायच्या यंत्रापाशी
शकिला नव्या पोराला सांगत होती :
"आधी चावी खिशात. मग हात आत."
पोराने खिसा थोपटून दाखवला.

माझ्या एकाही स्लाइडवर
हे वाक्य नव्हतं.

कुठे शिकलीस?
"भोईरकाकांनी सांगितलं. चहाच्या सुट्टीत.
तुमचं ते ट्रेनिंग होतं ना, त्याच दिवशी."

अहवालात 'परिणामकारकता' असा रकाना आहे,
एक ते पाच.
घणसोलीच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा
तो उघडून बसले,
पेनाचं टोपण लावत, काढत.
मग तो तसाच सोडला,
आणि पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात
चहाची दहा मिनिटं खोडून
अर्धा तास लिहिला.