दुरुस्तीची चिठ्ठी

धुळ्याच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
डांबरगोळ्यांच्या वासाच्या खोलीत
सैंदाणे सरांची वेल चाळीस वर्षं चपटी होऊन पडली आहे.
एक कंद, दोन पेरं,
कंदिलासारखं फूल, आता चहाच्या डागाच्या रंगाचं.
खाली सरांचं अक्षर: तोरणमाळ, सीताखाईच्या वर, भाद्रपद.
नळीच्या आत जांभळे केस. म्हणून वेगळी.

या 'म्हणून'वर माझी पाच वर्षं गेली.

राज्याची हद्द ओलांडली की
हीच वेल दुसऱ्या नावानं नोंदलेली.
तिथल्या फुलात केस नाहीत,
किंवा विरळ आहेत,
किंवा कागदात दाबताना झडले.

मी एक्केचाळीस फुलं मोजली.
व्हर्नियरच्या जबड्यात फूल धरताना
श्वास रोखावा लागतो.
आलेखावर दोन ढग उमटले, एकमेकांत शिरलेले,
सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोंगडीखाली निजलेले भाऊ:
कुठले पाय कुणाचे, सकाळीच कळणार.

मग पानं. सिलिकाच्या पुडीत वाळवली, खलात कुटली,
लाइट गेली की फ्रीजर उघडायचा नाही.
पुण्याहून तीन आठवड्यांनी आली
चार अक्षरांची लांबच लांब ओळ,
काना नाही, मात्रा नाही, पूर्णविराम नाही.
हरितलवकातली ओळ म्हणाली: एकच.
केंद्रकातली म्हणाली: सात जागी अक्षर बदलतं,
पण काही वेली हद्दीच्या अलीकडच्या, काही पलीकडच्या.
संगणकानं वंशवृक्ष काढला.
मुख्य फांदीवर भरवसा: शंभरात बासष्ट.
बासष्टावर नाव मोडता येत नाही.
राखताही येत नाही.

सर शिरपूरला असतात. फोनवर म्हणाले,
"पोरी, पहिले डोयाघाई दख. मंग मशीन."

वाट दाखवायला रायलीबाई पावरा होती.
तिचं माहेर पलीकडचं; तिकडे तिच्या माणसांना बारेला म्हणतात.
दोन्ही एकच, हे पोराच्या दाखल्यासाठी
नंदुरबारच्या कचेरीत तिनं तीनदा सांगितलंय.
तीनदा साहेबांनी कागद मागितला.
मी वेलीची 'जात' म्हणत होते.
ती माझ्याकडे बघून हसली.
त्यानंतर मी 'प्रजाती' म्हणू लागले.

तिनं एक कंद उकरला, पदराला पुसला, चावला.
"हा पोरांना देतो."
दुसरा चावला, थुंकला.
फुलं दोन्हींची केसाळ.
कशी ओळखतेस, विचारलं तर देठ मोडून दाखवला.
एकाचा चीक दुधासारखा,
एकाचा नुसता पाणी.
माझ्या तक्त्यात अठरा रकाने होते.
चिकाचा नव्हता.

पुढच्या खेपेला सगळ्या वेलींपाशी परत गेलो.
तेरा गुरांनी खाल्ल्या होत्या.
अठ्ठावीस तिनं चाखल्या, दर वेळी चूळ भरून,
आणि मी वहीत लिहीत गेले: गोड, कडू, कडू, गोड.
रात्री नकाशा मिटला,
नमुने तिच्या जिभेच्या क्रमानं लावले.
सातही अक्षरं एका बाजूला सरकली.
फक्त सव्वीस क्रमांक मध्येच उभा:
चीक दुधाचा, चव गोड, अक्षरं सातांतली चार.

हद्द होती तर. सरांनी आखली तिथे नव्हती.
आता प्रश्न उरला, सरांचं नाव कुणाला जाणार?
ज्या बाजूची त्यांची मूळ वेल, त्या बाजूला.
मी तिच्या पानाचा तांदळाएवढा तुकडा काढला,
देवघरातली वस्तू उचलावी तसा.
चाळीस वर्षांनी सातांतली दोनच अक्षरं वाचता आली.

फोन केला. सर, तुम्ही कंद चाखला होता?
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
"चाखेल व्हता, माय. कडू जहर.
लिखानं ऱ्हाई गयं."

आमच्याकडे जुनी चिठ्ठी फाडत नाहीत.
तिच्याखाली नवी डकवतात, तारीख घालून.
मी लिहिलं: चव कडू, संग्राहकाच्या आठवणीप्रमाणे.
मग डिंक वाळेपर्यंत
सव्वीस क्रमांकाची कोरी चिठ्ठी
बोटांत धरून बसले.