वास घेऊन सांग

बारांकोत जुलैमध्ये ऊन पडत नाही.
समुद्रावरचं धुकं खिडकीला टेकून बसतं
उधारीवरच्या गिऱ्हाइकासारखं.
चार वाजता म्हातारा ओनोरातो
मोजलेली लिंबं माझ्यापुढे सरकवतो:
एकदाच दाब, दोरिला. पिळू नकोस.
दुसऱ्या दाबाला साल बोलायला लागते,
आणि ती कडूच बोलते.

मी आले तेव्हा हात मोकळा होता माझा.
आईच्या खानावळीत सगळं अंदाजपंचे,
मीठ चिमटीनं, तेल धारेनं.
इथे साखरपाणीसुद्धा मापाच्या पेल्यातून,
काठाला डोळा लावून.
मला वाटलं, चिक्कू आहे.

आधी लिंबू, मग साखर, पिस्को शेवटी;
चुकायचंच तर स्वस्तात चुकावं.
अंडं वेगळ्या वाटीत फोड.
वास घे. सांग.
(रोज विचारायचा. मी रोज म्हणायचे, ठीक आहे.)
पांढरं तेवढं शेकरमध्ये, आधी बर्फावाचून हलव,
फेस धरू दे.
मग बर्फ, मोठा, कोरडा, आत्ता काढलेला.
हलवताना तो डोळे मिटायचा.
खडखड हळूहळू जाड व्हायची,
पत्र्यावर दव, बोटं चिकटू लागायची,
आणि तो थांबायचा.
मी घड्याळ लावून पाहिलं होतं चोरून.
दर वेळी तेवढेच सेकंद.

कापितान मात्र ढवळायचा.
ज्यात लिंबू नाही, अंडं नाही, त्याला झोडपायचं कशाला?
चमच्याची पाठ काचेला लागून फिरावी,
बर्फाला कळूसुद्धा नये.
वर्मुथ फ्रीजमध्ये, बाटलीवर उघडल्याची तारीख.
सेन्योर उर्बिनांनी तिसरा मागितला
की आधी पाण्याचा ग्लास, न विचारता.

ऑगस्टात एका रात्री मागच्या शेगडीचा गॅस सुटला.
मी नाक दाबून धावले, कॉक बंद केला, दार उघडलं.
तो काउंटरशी उभा,
पेला उजेडात धरून पुसत होता.
"काय झालं?"

चार वर्षांपूर्वीच्या तापात गेला होता वास,
जाताना अर्धी चव घेऊन गेला.
बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.
तारखा, मापं, मोजलेली लिंबं:
या कठड्याला धरून
तो रोज रात्री जिना उतरत होता.

दुसऱ्या दिवशी मी वाटीत अंडं फोडलं.
वास घे, म्हणाला. सांग.
मी म्हटलं, ओल्या खडूचा.
थोडा पेंढ्याचा. ताजं आहे.
त्यानं शेकर खाली ठेवला.
"आणि ही बाटली?"
मी बूच काढलं.
मनुका. नंतर कुणीतरी नुकतीच इस्त्री केलेली चादर.
नंतर, थांबा, नाव आठवत नाहीये.
कोपऱ्यातलं गिऱ्हाईक दोनदा खाकरलं.
"असू दे," ओनोरातो म्हणाला,
"आठव तू."