नववा दिवस

बटाटा उकडला, कुस्करला, गाळणीतून दोनदा काढला.
तरी वेन्लाला वाटतं, एखादी गाठ राहिलीच असेल.
दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, घाई नको, एकच चमचा.

तो एक चमचा
आज भुवईवर आहे, बाहीवर आहे,
कालचा खुर्चीच्या पट्ट्यात वाळून बसलाय.

बाहेर ओउलूत तीनलाच अंधार.
यालमारी बर्फफोड्या जहाजावर. फोनवर विचारतो,
"गेलं का काही पोटात?"
"ठसका लागला," ती सांगते, "एकदाच."
त्या एका ठसक्यात
आपला जीव किती वेळ अडकून होता
ते सांगत नाही.

तोइवो ओठ मिटून बसलाय, कडी घातल्यासारखा.
ती म्हणते "आ". पुन्हा "आऽ".
नऊ दिवस या घरात
फक्त तिचंच तोंड उघडतंय.

शेवटी चमचा खाली ठेवून
ती स्वतःचं ताट ओढते, सकाळपासून पहिल्यांदा.
गार मासा, राईचा पाव.
चावता चावता बघते तर
त्याचाही जबडा हलतोय,
रिकामाच,
अगदी मन लावून.

ती घास गिळते.
हवेचा का होईना,
तोही एक गिळतो.